पेमाचा राजा आणि मंठ्याकडचे आबा

"जालन्याला? आणि फिरायला?"

पुण्यात ज्याला सांगितलं त्यानं हाच प्रश्न विचारला. कुणाला वाटलं मी बियाणं आणायला चालले आहे, कुणाला वाटलं घराच्या बांधकामासाठी सळया बघायला. या दोन कामांखेरीज आमच्याकडे कुणी जालन्याचं नाव काढत नाही. मला मात्र तिथं माझ्या दोन मैत्रिणी एका वेळी भेटणार होत्या. बँकेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या बाईला याहून मोठं कारण लागत नाही.

कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात आम्ही तिघी एका खोलीत होतो. मी साताऱ्याची, सुनंदा जालन्याकडची आणि पेमा भूतानची. पेमाला तिच्या सरकारनं शिकायला पाठवलं होतं. आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. व्याकरण तिनं माझ्याकडून घेतलं आणि शिव्या सुनंदाकडून. त्यातल्या शिव्या जास्त टिकल्या. आता ती तिकडच्या सरकारी भाजीपाला बीजकेंद्रात अधिकारी आहे. जानेवारीत मिरचीचं बियाणं पाहायला ती जालन्याला येणार असं कळलं आणि सुनंदानं मला फोनवर हुकूम सोडला, "तू बी निघ. बिलकुल बहाणे सांगू नको."

मस्तगड

सुनंदाचं घर जुन्या जालन्यात, मस्तगडला. खाली दुकानं, वर राहती घरं, आणि सकाळी दूधवाला, भंगारवाला आणि शाळेच्या रिक्षा एकाच गल्लीतून जायला बघतात. "जालना, सोने का पालना," सुनंदानं गच्चीवरून हात फिरवत सांगितलं आणि लगेच खालच्या रिक्षावाल्याला ओरडली, कारण त्यानं तिच्या तुळशीच्या कुंडीला धक्का दिला होता.

पेमा तिच्या देशाच्या वेशात होती. पायघोळ विणलेलं वस्त्र, त्याला तिकडे किरा म्हणतात, आणि वर आखूड रेशमी जाकीट. जाकिटाला एक गोल बिल्ला, त्यावर तरुण राजाचा फोटो. बांगड्या घ्यायला आम्ही खालच्या दुकानात गेलो. दुकानदार पांढऱ्या दाढीचे, घरात उर्दू बोलणारे. त्यांनी पेमाच्या हाताचं माप घेता घेता बिल्ल्याकडे बोट केलं.

"ये कौनसे बाबा हैं, बहन?"

"बाबा नाही. राजा," पेमा म्हणाली.

"राजा? पुराने जमाने के?"

"आत्ताचे."

चाचांचा हात थांबला. त्यांनी शेजारच्या चहावाल्याला हाक मारली, तो आणखी दोघांना घेऊन आला आणि बांगड्या राहिल्या बाजूला. तुमचा राजा कर घेतो का? फौज त्याची का सरकारची? तो दिवसभर करतो काय? पेमाला हे प्रश्न आवडतात. तिनं मोडक्या मराठीत आणि बऱ्या हिंदीत समजावलं. राज्य पंतप्रधान चालवतो, त्याला लोक निवडून देतात. कायदा संसद करते. सही राजाची. कायदा पटला नाही तर राजा आक्षेप लिहून परत पाठवतो. पण संसदेनं पुन्हा बसून विचार केला आणि तोच कायदा पाठवला, तर मग त्याला सही करावीच लागते. आणि पासष्ट वर्षांचा झाला की राजाही निवृत्त.

"मतलब घर के बुजुर्ग जैसे," चाचा म्हणाले. "बोलने का हक है, रोकने का नै."

"हां, बराबर," पेमा म्हणाली.

"लेकिन पहले तो सब उन्हींका था ना? छीना किसने?"

"कुणी नाही. जुन्या राजानं स्वतःच दिलं. लोक रडत होते, आम्हाला निवडणूक नको म्हणून. राजा गावोगाव फिरून सांगत होता, घ्या, हे तुमचं आहे."

चाचांनी मान हलवली. पटलं नसावं, पण पाहुणीचं मन मोडायचं नव्हतं. त्यांनी तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि वर दोन जास्तीच्या चढवल्या. "राजा के मुल्क से आई है बेटी," ते म्हणाले.

एमआयडीसी

दुसऱ्या दिवशी बीजप्रक्रियेचा कारखाना. शहराबाहेर पडलं की तापलेल्या लोखंडाचा वास येतो. लोखंडाच्या मिलांकडे जाणाऱ्या मोटारसायकली, मागं डबे बांधलेले, आणि माणसांनी भरलेले टेम्पो. पेमा खिडकीतून एकटक बघत होती. तिच्या देशात एवढी सपाट जमीनच नाही. "तुमच्याकडे आकाश केवढं आहे," ती म्हणाली. जालन्याच्या आकाशाचं कौतुक मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

मिरचीच्या बियाण्याच्या दालनात पाऊल टाकलं आणि मला शिंका सुरू झाल्या. अशा, की कारखान्याच्या साहेबांनी बोलणं थांबवलं आणि सुनंदानं मला दंडाला धरून बाहेर नेलं. काचेतून दिसत होतं: पेमा आत ओंजळीत पिवळसर बी घेऊन उभी, डोळ्यांतून पाणी, तोंडभर हसू. तिच्या देशात मिरची हा मसाला नाही, भाजी आहे. आपण वांगी चिरतो तशा तिकडे मिरच्या चिरतात.

संध्याकाळी ती भाजी तिनं सुनंदाच्या ओट्यावर केली. ढीगभर हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, चीज घालून उकळायच्या. चिरताना तिचा फोन पाटाशेजारी उताणा ठेवलेला होता आणि दर थोड्या वेळानं ती त्याकडे बघत होती.

"कुणाची वाट बघून राह्यली गं?" सुनंदानं विचारलं.

तेव्हा तिनं देचेनचं सांगितलं. देचेन ही तिची एकुलती एक मुलगी. पेमाचा नवरा आपल्या बंगालातल्या जलपायगुडीचा, रस्त्याच्या कामावर आलेला इंजिनियर. काही वर्षांपूर्वी तो वारला. मुलगी जन्मली तिकडे, वाढली तिकडे, नर्सिंग शिकली. पण त्यांच्या घटनेत लिहिलंय की आई आणि बाप दोघंही तिथले नागरिक असतील तरच मूल जन्मानं नागरिक. देचेन दरवेळी परवाना वाढवून स्वतःच्याच गावात राहते. सरकारी दवाखान्यात तिला कायमची नोकरी नाही.

"मग भारताचं नागरिकत्व?" मी विचारलं.

"बापाकडून मिळालं असतं. पण ती म्हणते, मी इथली आहे, मी तिथं जाऊन काय करू?"

एक वाट उरते. राज्यकारभार राजाच्या हातून गेला तरी घटनेनं काही गोष्टी त्याच्याकडे ठेवल्या आहेत. भूमिहीनाला जमीन द्यायची, कैद्याची शिक्षा कमी करायची, आणि ज्याला कुठंच जागा नाही त्याला नागरिक म्हणायचं. त्यांच्या भाषेत याला किडू म्हणतात. रयतेचं बरं करणं, असा काहीसा अर्थ. पेमानं मुलीसाठी अर्ज केला होता.

"मिळतं का?"

"पुष्कळ लोकांना मिळालं. मिळतं." तिनं मिरच्या पातेल्यात लोटल्या. "कधी, ते सांगता येत नाही."

त्या भाजीचा एक घास खाऊन मी दह्याची वाटी जवळ ओढली. सुनंदा दोनदा वाढून घेऊन जेवली. मराठवाड्याची पोरगी ती.

मंठा

सुनंदाचे सासरे, आबा, मंठ्याच्या पुढच्या एका गावात राहतात. नव्वदीला टेकलेले. मुलगा आणि सून जालन्यात बोलावतात, पण ते शेत सोडत नाहीत. हुरड्याचे दिवस होते, म्हणून तिसऱ्या दिवशी तिकडे निघालो.

गाडी सुनंदानंच चालवली. ती बोलताना स्टिअरिंगवरचा हात सोडते, एवढंच सांगते. दोन्ही बाजूंना शाळू उभा, मध्येच तुरीच्या काड्यांचे भारे, मध्येच बियाण्याच्या प्लॉटची पांढरी जाळीघरं. दुरून वाटावं कुणी धोतरं वाळत घातली आहेत. मंठ्यात शिरतानाच गाडी पंक्चर झाली. चाक काढणाऱ्यानं आम्हाला सांगितलं, बाजार भरलाय, तवर फिरून या.

बाजारात एक आजीबाई मिरच्या विकत होती. पेमानं एक उचलली, देठ मोडला आणि काकडीसारखी कचाकचा खाल्ली. मग दुसरी. आजीबाईचा पदर तोंडावर गेला. "आगं माय! पानी तं दे कुनी तिला!" पेमा शांतपणे म्हणाली, "छान आहे. पण जरा गोड आहे." एवढं ऐकायला भोवती गर्दी जमली होती. आजीबाईनं पसाभर मिरच्या तिच्या पिशवीत टाकल्या आणि कुठून आली, लेकरं किती, नवरा काय करतो, सगळं काढून घेतलं. आमच्या साताऱ्यात अनोळखी बाईला हे विचारायला निदान दुसरी भेट लागते.

आबांचं शेत

आबा शेतातल्या लिंबाखाली खाटेवर बसले होते. डोईला पांढरा पटका, हातात काठी, आवाज अजून खणखणीत. आगटीत गोवऱ्या धुमसत होत्या. त्यांनी स्वतः कणसं भाजून, हातावर चोळून, फुंकर मारून हिरवे दाणे पेमाच्या ओंजळीत घातले. सोबत गूळ, दही, लसणाची चटणी. पेमा मांडी घालून बसली आणि बोलेनाशी झाली. चांगलं खायला मिळालं की ती वसतिगृहातही अशीच गप्प व्हायची.

पोटभर झाल्यावर आबांची नजर बिल्ल्यावर गेली. सुनंदानं कौतुकानं सांगितलं, "आबा, हिच्या देशात अजून राजा हाय."

"राजा?" आबा म्हणाले. "अजून?"

पेमानं मस्तगडला सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. आबा कान देऊन ऐकत होते. सही, आक्षेप, पासष्टीची निवृत्ती. राजा घटनेविरुद्ध वागला तर संसद आणि लोक मिळून त्याला उतरवू शकतात, हेही तिनं सांगितलं. तिथं आबा म्हणाले, "हां. हे बरं केलं." मग ती भरात येऊन किडूचं बोलली आणि बोलता बोलता देचेनचंही बोलून गेली.

आबांनी काठी आडवी मांडीवर घेतली.

"आन् त्यानं न्हाई म्हनलं तर?"

"नाही म्हणणार नाही."

"जवाबच न्हाई दिला तर? मंग कुनाकडं जाशील? कोरटात?"

पेमा हातातल्या दाण्यांकडे बघत राहिली.

"म्हंजी मेहेरबानीच झाली ना पोरी. जलमली तिथं, वाढली तिथं, आन् घर मागायचं राजाच्या दारात."

"आमचा राजा तसा नाही," पेमा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "तो चालत येतो. डोंगर चढून म्हाताऱ्या माणसांच्या घरी येतो. माझ्या आईच्या हातचा चहा प्यायला आहे तो."

"चांगला असंल. मी कुठं वाईट म्हनलो? पन चांगला हाय म्हनूनच मिळंल ना? उद्याचा चांगला निघाला न्हाई तर?"

पेमा उठली. हातातला हुरडा पत्रावळीवर ठेवला आणि ताडताड चालत जाळीघराकडे गेली. एवढ्या वर्षांत मी तिला रागावलेलं पाहिलं नव्हतं.

सुनंदाचा चेहरा उतरला. "आबा, काय हे? पाहुनी हाय ती. लेकराच्या काळजीत हाय."

आबांनी काठीनं विस्तव सारखा केला. मग काठी टेकत उठले, वाटीत ताजा हुरडा घेतला आणि त्या ढेकळांतून निघाले. मी मागोमाग गेले, कारण ते पडतील अशी मला भीती वाटत होती.

जाळीघरात उकाडा होता. मिरचीची झाडं ओळीनं, तांबड्या फळांनी वाकलेली. पेमा एका सरीत पाठमोरी उभी होती. आबा धापा टाकत तिच्यापाशी पोचले आणि पाण्याच्या नळीशेजारी बांधावरच बसले.

"बस," ते म्हणाले. "तुला एक सांगायचं हाय. राग मंग कर."

ती बसली नाही, पण वळली.

"मी लहान होतो. निजामाचं राज होतं. विहिरीजवळचं रान माझा बाप कसत होता. बापाच्या बापापासून. मोठ्या घराच्या मानसानं ते आपल्या नावानं करून घेतलं. लोक म्हनले, राजाकडं अर्जी कर. बापानं अर्जी केली. जालन्याला चालत गेल्ता. मंग रोज संध्याकाळी वेशीवर जाऊन बसायचा, सरकारी मानूस येतो का बघायला. जवाब आला न्हाई. न्हाई म्हनले असते तर बाप भांडला असता. जवाबच न्हाई, तर भांडायचं कुनाशी? मी त्याच्या शेजारी बसलेलो हाय, पोरी. म्हनून बोललो. तुझ्या राजाला न्हाई बोललो."

पेमा हळूच खाली बसली.

"मला पण तेच वाटतं," ती म्हणाली. "रोज. रात्री देचेन झोपली की वाटतं. पण कुणाला बोलायचं? बोललं म्हणजे राजावर विश्वास नाही असं होतं. विश्वास आहे. खरंच आहे. तरी भीती वाटते."

"वाटंलच की," आबा म्हणाले आणि वाटी तिच्यापुढे सरकवली.

मी विचारलं, "मग ते रान? परत मिळालं का?"

"मिळालं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज गेलं. मंग कूळकायदा आला. कायद्यानं मिळालं. कुनाच्या पाया पडावं लागलं न्हाई."

मला कॉलेजातलं वाचलेलं अंधुक आठवत होतं. "आबा, तेव्हा निजाम राजप्रमुख होते ना? राज्य मंत्र्यांचं आणि सही त्यांची. म्हणजे त्या कायद्यावरसुद्धा सही त्यांचीच असणार."

आबांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. आता माझ्यावर रागावतात की काय असं मला वाटलं. मग त्यांच्या खांद्यापासून हसू सुरू झालं आणि पोटापर्यंत गेलं. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि पेमानं त्यांची पाठ चोळली.

"म्हंजी अर्जी केली तवा दिलं न्हाई," ते डोळे पुसत म्हणाले, "आन् हातात काई उरलं न्हाई तवा सही करून दिलं! माझा बाप हे ऐकायला पायजे होता."

परत खाटेकडे येताना पेमानं त्यांचा हात धरला होता. वाटेत ते थांबले.

"तुझ्या राजाकडं अर्जी मराठीत चालती का?"

"का?"

"मी लिहून देतो. या बाईला मी वळखतो, लसनाची चटनी खाऊन हिच्या डोळ्याला पानी येत न्हाई, हिची पोरगी बी चांगलीच असंल. माझा अंगठा न्हाई, सही हाय बरं. देवनागरीत."

पेमा हसली आणि मग तिथंच, तुरीच्या काड्यांच्या भाऱ्यापाशी, रडली. आबा घाबरले. "आगं, रडू नको, चालत नसंल तर न्हाई लिहीत," असं काहीतरी पुटपुटू लागले. सुनंदा लांबून ओरडली, "आबा, आता काय बोललात तिला?"

निघताना आबांनी पेमाच्या ओटीत गूळ आणि मंठ्याच्या आजीबाईपेक्षाही जास्त मिरच्या घातल्या. आमच्याकडे ओटी बाईनं भरायची असते. सुनंदानं तसं म्हटलंही. "तू जालन्याला ऱ्हाती, हितं घरात बाई न्हाई, मंग पाहुनीला रिकामी धाडू का?" आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पेमा गेली, मी पुण्याला आले. सोसायटीत लोकांनी विचारलं, जालन्यात बघण्यासारखं काय आहे? मी आकाश म्हणाले. पुढचं सांगायला त्यांना वेळ नव्हता.

दिवाळीच्या जरा आधी सुनंदाचा फोन आला. ती एका दमात बोलत होती. देचेनचा किडू आला होता, ती आता तिथली नागरिक झाली होती. राजाच्या हातून, आणखी बऱ्याच जणांबरोबर. पेमानं ते कळल्यावर मला नाही, सुनंदालाही नाही, सरळ आबांना फोन लावला होता. सुनंदा त्या वेळी शेतावरच होती, म्हणून तिनं सगळं ऐकलं.

"आबा काय म्हणाले?" मी विचारलं.

"आधी डोळे पुसले. मंग पेमाला म्हनले, पोरी, लई बरं झालं. तुझ्या राजाला माझा रामराम सांग. चांगला मानूस हाय म्हनावं."

"आणि?"

"आन् म्हनले, त्याला हे बी सांग, आता हे कायद्यात लिहून टाक म्हनावं. म्हंजी पुढच्या पोरीला मागावं लागनार न्हाई."